सोयीच्या लग्नांच्या गोष्टी आणि चोळीबांगडीचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांवरचा लेख वाचला. इंग्लंडातल्या रीजन्सी काळात, म्हणजे १८११ ते १८२०च्या सुमारास, घडणाऱ्या, सोयीसाठी लग्न करून मग एकमेकांच्या प्रेमात पडणाऱ्या जोडप्यांच्या गोष्टी आपल्याकडच्या मुली मोबाइलवर रात्र रात्र वाचतात, आणि त्यातून ‘गळ्यात मंगळसूत्र पडलं की प्रेम आपोआप येतं’ ही जुनी समजूत नव्यानं पक्की होते, असं लेखकाचं म्हणणं आहे. लेख मी दोनदा वाचला. मला तो पटला नाही, आणि का पटला नाही हे सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. पत्र लांबलं तर कापून छापा, माझी हरकत नाही.

आधी मी कोण ते सांगते, कारण माझ्या कामाचा या वाचनाशी संबंध आहे. मी जालन्यात दस्तलेखक आहे. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर वडिलांचं टेबल होतं. १९८५ साली ते गेले, तेव्हापासून ते मी चालवते. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र हे रोजचं लिखाण. इंग्रजी मी शाळेत कमी आणि जुने इंग्रजी दस्त वाचून जास्त शिकले. २००६ साली माझी मुलगी औरंगाबादला इंग्रजीत एम.ए. करत होती. तिला अभ्यासाला जेन ऑस्टिन ही त्याच काळातली इंग्रज कादंबरीकार होती. सुट्टीत घरी येताना तिनं रद्दीच्या दुकानातून एक जाडसर कादंबरी आणली आणि म्हणाली, “आई, हे तू वाच. यात तुझे सगळे दस्त आहेत.”

ती खरं बोलली होती. या गोष्टींची सुरुवात कागदापासून होते. बाप कर्ज ठेवून मेलेला असतो आणि वाडा गहाण पडलेला असतो. किंवा आजोबांच्या मृत्युपत्रात अट असते की अमुक वयाच्या आत लग्न केलं तरच इस्टेट. कुणाला पोरक्या पुतण्यांसाठी घरात बाई हवी असते. कुणा मुलीला पालक म्हणून नेमलेल्या काकाच्या तावडीतून सुटायचं असतं. कधी दोघं पावसात एका छपराखाली सापडतात आणि गावभर बोभाटा होतो. मग दोन माणसं समोरासमोर बसून ठरवतात की आपण लग्न करू, कुणी कुणाकडून काय अपेक्षा करायची नाही. त्यांच्यात प्रेम येतं ते पुढच्या तीनशे पानांत, आणि ते ‘आपोआप’ येत असतं तर तीनशे पानं लागलीच नसती.

ती पानं कशानं भरतात हे समजायला त्या काळचा कायदा बघावा लागतो. लेखात कायद्याबद्दल एक ओळही नाही. १७५३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटानं हार्डविक यांचा विवाह कायदा केला. त्यानंतर लग्न म्हणजे चर्चमध्ये तीन रविवार जाहीर पुकारा किंवा बिशपचा परवाना, साक्षीदार आणि नोंदवहीत सह्या. परवान्यानं लग्न करायचं आणि वय एकवीसच्या आत असेल तर बापाची किंवा पालकाची संमती. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून पळून जाणारी जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला जात. हे सगळं कादंबऱ्यांत येतं आणि वाचकाला मौजेचं वाटतं. पण नोंदवहीत सही केल्यावर बाईचं काय होई, ते मौजेचं नव्हतं. लग्न झालं की कायद्याच्या दृष्टीनं नवरा-बायको एक, आणि तो एक म्हणजे नवरा. तिच्याकडचे पैसे, दागिने, भांडीकुंडी त्याची. तिची जमीन असली तर ती विकायला तिची संमती लागे, पण लग्न टिकून आहे तोवर ताबा त्याचा आणि उत्पन्नही त्याचंच. तिनं काही कमावलं तर तेही त्याचं. पोरांवरचा हक्क बापाचा. १८५७ पर्यंत दुसरं लग्न करता येईल असा पूर्ण घटस्फोट हवा तर पार्लमेंटात स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे. असा घटस्फोट मिळवणारी पहिली स्त्री १८०१ साली झाली, आणि तिच्या नवऱ्यानं तिच्या सख्ख्या बहिणीशीच संबंध ठेवले होते तेव्हा कुठे तो मिळाला. बायकांना आपली मिळकत आपल्या नावावर ठेवता यावी म्हणून इंग्लंडात कायदे झाले ते १८७० आणि १८८२ साली, म्हणजे या कादंबऱ्यांतल्या नायिका आज्या-पणज्या झाल्यावर.

यातून वाट काढायला श्रीमंत घरांत लग्नाआधी करारपत्र होई. हे करारपत्र मला फार जवळचं वाटतं, कारण तसंच काहीबाही मी आयुष्यभर लिहीत आले. मुलीच्या बाजूचे वकील आणि मुलाच्या बाजूचे वकील बसत. नवरा आधी गेला तर तिला दरवर्षी किती मिळणार, हे ठरे. आपल्याकडे त्याला वर्षासन म्हणतात. धाकट्या मुलांचा वाटा ठरे. आणि तिच्या स्वतःच्या खर्चाला, कपडेलत्ते आणि वरखर्चाला, वर्षाकाठी किती रक्कम, तेही लिहून काढत. इंग्रजीत त्याला टाचण्यांचे पैसे अशा अर्थाचा शब्द आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला लगेच आपला शब्द आठवला, चोळीबांगडी. लेकीसुनांना चोळीबांगडीसाठी गाव, चोळीबांगडीसाठी शेताचा तुकडा लावून दिल्याचं आपण ऐकत आलोय. होळकरांच्या घरात तर पेशव्यांनी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर दिली. तीच खासगी पुढे अहिल्याबाईंच्या हाती आली आणि तिच्यातून त्यांनी देशभर घाट नि देवळं बांधली. तिकडे इंग्लंडात मात्र बायकोला नवऱ्यापासून वेगळी मिळकत ठेवायची तर मध्ये विश्वस्त नेमल्याशिवाय गत नव्हती.

आता कादंबरीकडे येते. लेखक म्हणतात की नायक श्रीमंत, उंच आणि गर्विष्ठ असतो आणि नायिका त्याच्यापुढे झुकते. असल्या कादंबऱ्या आहेत, मीही वाचल्यात आणि अर्ध्यात सोडल्यात. पण चांगल्या कादंबरीतली मेख वेगळी असते. त्या नायकाला कायद्यानं सगळं दिलेलं आहे. बायकोला कोंडून ठेवलं तरी त्याला विचारणारं कुणी नाही, तिचे पैसे जुगारात उडवले तरी नाही. गोष्ट पुढे जाते ती तो हे हक्क वापरत नाही तिथे. तो तिची पत्रं फोडत नाही. तिच्या खोलीचं दार वाजवतो आणि आतून ‘या’ म्हणेपर्यंत बाहेर थांबतो. करारात कबूल केलेली रक्कम तिनं मागण्याआधी तिच्या हातात येते. आणि नायिका हे सगळं बघत असते, एखादा अनुभवी सावकार कुळाकडे बघतो तसं, महिनोन् महिने. हा माणूस शब्दाचा खरा आहे की नाही, हे ती पारखत असते. माझ्या मते या गोष्टींचा गाभा हाच आहे. कायद्यानं जिचे हात बांधले आहेत, तिला विश्वास टाकायला काय काय पुरावा लागतो, ते या कादंबऱ्या सांगतात.

हे मला इतकं ठामपणे म्हणता येतं, कारण माझं लग्नही सोयीचंच होतं. १९८८ साल. मी सव्वीस वर्षांची. वडील नाहीत, पाठीवर दोन बहिणी. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. बिजवर, चार वर्षांची मुलगी. बघायला आले तेव्हा पोहे झाले, चहा झाला, थोरल्यांचं बोलणं झालं आणि मग त्यांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, “मला मुलीसाठी आई हवी आहे, हे मी लपवत नाही. तुम्हाला काय हवं आहे?” तोवर मला सहा जण बघून गेले होते. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, “मला टेबल सोडायचं नाही.” काका माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. हे म्हणाले, “बरं.”

लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात हे पोस्टातून आले आणि माझ्या हातात एक पासबुक ठेवलं. फक्त माझ्या नावाचं, एक्कावन्न रुपये भरलेले. म्हणाले, “टेबलाचे पैसे यात टाकत जा. मी यात कधी हात घालणार नाही.” १९९४ साली घराचं छप्पर गळत होतं, पैसे कमी पडत होते, आणि त्या पासबुकात होते. त्यांनी मागितले नाहीत. मी आपणहून काढून आणले, तर दोन दिवस ते नको नको म्हणत राहिले. पुढे जेव्हा जेव्हा मी एखाद्या कादंबरीत करारपत्राचा प्रसंग वाचते, तेव्हा ते पिवळं पासबुक मला दिसतं. ते अजून कपाटात आहे.

आणखी एक गोष्ट लिहिते, जी मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा चटकन कळेल असं मला वाटतं. या कादंबऱ्यांतली नवरा-बायको लग्नानंतरही एकमेकांना पदवीनं हाका मारतात. तो तिला ‘मॅडम’ म्हणतो, ती त्याला ‘माय लॉर्ड’. मग दोनशे पानं उलटून गेल्यावर कधीतरी, घोडा उधळतो किंवा कुणी आजारी पडतं, आणि त्याच्या तोंडून तिचं नाव निघतं. नुसतं नाव. त्या एका शब्दासाठी लेखिकेनं दोनशे पानं धीर धरलेला असतो. इंग्रजीत रोजच्या बोलण्यातून ‘तू’ हा शब्द कधीच गेला, सगळ्यांना एकच ‘यू’. त्यामुळे त्यांना हे काम नावाकडून करून घ्यावं लागतं. आपल्याकडे त्याला ‘तू’ पुरतो.

यजमान मला तीन वर्षं ‘तुम्ही’ म्हणत होते. नवरा बायकोला अहो-जाहो करतो याचं शेजारणींना फार नवल वाटे. १९९१च्या जुलैत मी एका साक्षीसाठी औरंगाबादला गेले होते. परतीची बस वाटेत बंद पडली, पाऊस लागला, तेव्हा कुणाकडे फोनही नव्हता. जालना स्टँडवर उतरले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. हे पाच वाजल्यापासून तिथे उभे होते. एक छत्री उघडलेली, दुसरी माझ्यासाठी काखेत मिटलेली. मला बघितलं आणि ओरडलेच, “कुठे होतीस तू?” स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. मी काही बोलले नाही. रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, “माफ करा, चुकून तू म्हणालो.” मी म्हणाले, “आता तेच राहू द्या.” त्यामुळे कादंबरीतला नायक पहिल्यांदा नाव घेतो तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसते. मुलीही कदाचित त्यासाठीच रात्र रात्र जागत असतील, त्यांना विचारायला हवं.

माझ्या मुलीनं आणलेली ती पहिली कादंबरी होती जॉर्जेट हेयरची ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’, १९६१ साली आलेली. हेयर बाईंचा जन्म १९०२चा, मृत्यू १९७४चा, आणि रीजन्सी काळातल्या प्रेमकथांचा आजचा साचा त्यांनी घडवला असं म्हणायला हरकत नाही. या कादंबरीचा नायक युद्धात पाय अधू झालेला कॅप्टन आहे. बाप कर्जाचा डोंगर ठेवून गेलाय. त्याचं प्रेम एका देखण्या मुलीवर आहे, पण घर वाचवण्यासाठी तो लंडनच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न करतो. ती, जेनी, दिसायला साधी, बुटकी, अंगानं भरलेली. तिचं त्याच्यावर आधीपासून प्रेम आहे आणि ती ते शेवटपर्यंत बोलून दाखवत नाही. त्याच्या आवडीचं जेवण, त्याला न आवडणारा झगमगाट दूर ठेवणं, बापाच्या श्रीमंतीचा ताठा नवऱ्याला टोचू नये म्हणून सतत मध्ये उभं राहणं, असं तिचं चाललेलं असतं. नायक हळूहळू शेतीत रमतो. पाण्याचा निचरा कसा करायचा, कुठलं पीक कुठे घ्यायचं, ही चर्चा पानंच्या पानं आहे. मुलीला ती पानं कंटाळवाणी वाटली होती. मी शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात राहते, मला ती फार आवडली. शेवटी नेपोलियनशी झालेल्या वॉटर्लूच्या लढाईच्या वेळी बाजार घाबरून कोसळलेला असताना तो सासऱ्याच्या सल्ल्याविरुद्ध सरकारी रोखे विकत घेतो आणि स्वतःच्या पायावर उभा राहतो. सासऱ्याच्या पैशाचं ओझं उतरल्यावरच बायकोकडे त्याला मोकळ्या नजरेनं बघता येतं. जुनं प्रेम पार पुसलं गेलं असं लेखिका कुठेच म्हणत नाही. त्या देखण्या मुलीबरोबर आपण सुखी झालो नसतो आणि जेनीशिवाय आपलं चालणार नाही, एवढंच त्याला कळतं. बरेच वाचक या शेवटावर नाराज असतात. मला त्याच्याइतका खरा शेवट दुसऱ्या कुठल्या प्रेमकथेत सापडलेला नाही.

ऑस्टिनबद्दलही दोन शब्द. तिच्या १८१३च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये सत्तावीस वर्षांची शार्लट ल्यूकस डोक्यावर छप्पर हवं म्हणून एका मूर्ख पाद्र्याशी लग्न करते आणि त्यांच्यात प्रेम येतच नाही. ती कोंबड्या पाळते, घर नीट ठेवते, नवऱ्याला बागेत जास्तीत जास्त वेळ काम करायला उत्तेजन देते. ऑस्टिन स्वतः १८०२च्या डिसेंबरात एका जमीनदाराच्या मुलाला हो म्हणाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाही म्हणाली. त्या घरात गेली असती तर तिला आणि तिच्या बहिणीला पैशाची ददात पडली नसती. हे दोन्ही डोळ्यांपुढे ठेवून पुढच्या लेखिकांच्या गोष्टी वाचल्या की ध्यानात येतं, लिहिणाऱ्यांनाही ठाऊक आहे की अशी लग्नं बहुतेक वेळा शार्लटसारखी संपत.

खऱ्या इतिहासातही तसंच आहे, आणि त्यातलं एक लग्न आमच्या जिल्ह्याला येऊन भिडतं. या कादंबऱ्यांतले अर्धे नायक वेलिंग्टनच्या फौजेतले अधिकारी असतात. हा वेलिंग्टन म्हणजे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा सेनापती आर्थर वेलस्ली. माझं माहेर भोकरदन तालुक्यातलं. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई आहे, तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी त्यानं शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याआधी दहा वर्षं, १७९३ साली, त्यानं आयर्लंडातल्या किटी पॅकेनहॅमला मागणी घातली होती. तिच्या घरच्यांनी नाकारली, कारण हा धाकटा मुलगा, जमीन नाही, वर कर्ज. असई, आडगाव, गाविलगड झाल्यावर तो १८०५ साली सुमारे ४२ हजार पौंड घेऊन परतला, त्यातला बहुतेक पैसा लढायांतल्या लुटीच्या वाट्याचा. आता त्याला कोण नाही म्हणणार? इतक्या वर्षांत तिला न बघताच त्यानं पत्रानं मागणी घातली, दिलेला शब्द पाळायचा म्हणून, आणि १० एप्रिल १८०६ला डब्लिनमध्ये लग्न झालं. ते सुखाचं झालं नाही. घरखर्चाच्या हिशेबावरून दोघांत अढी पडली ती पडलीच. १८३१ साली ती आजारी पडली, तेव्हा मात्र तो तिच्या उशाशी बसून राहिला. असईच्या रानात ज्यांच्या आज्या-पणज्यांनी प्रेतं पाहिली, त्या गावांच्या बाजूनं हे वाचताना मला दोघांचीही कणव येते, पण त्या ४२ हजारांचा विसर पडत नाही.

याच वेलिंग्टनच्या पुतण्याची गोष्ट तर लेखकांनी जरूर वाचावी. कॅथरीन टिल्नी-लाँग ही त्या काळची इंग्लंडातली सर्वांत श्रीमंत वारसदार म्हणून गाजलेली मुलगी. १८११ साली राजाचा मुलगा, कर्जबाजारी ड्यूक ऑफ क्लॅरेन्स, तिच्या मागे लागला होता. तिनं राजपुत्राला नकार देऊन १८१२ साली मनाजोगत्या, देखण्या विल्यम वेलस्ली-पोलशी लग्न केलं. त्यानं तिची संपत्ती उधळली. १८२२ साली वॉन्स्टेडच्या तिच्या महालातल्या वस्तूंचा लिलाव झाला, पुढे महालही पाडून दगड-विटा विकल्या. १८२५ साली ती वारली. आणि तो नाकारलेला ड्यूक? १८१७ साली गादीची वारस राजकन्या बाळंतपणात गेली, तेव्हा राजघराण्याला वारस हवा म्हणून त्यानं १८१८च्या जुलैत जर्मनीतल्या अ‍ॅडलेडशी लग्न केलं. तो बावन्न वर्षांचा, ती पंचवीस. एका नटीपासून झालेली त्याची दहा मुलं होती. लग्नाआधी दोघांची ओळख जेमतेम आठवड्याची. अ‍ॅडलेडनं त्या मुलांना आपलं मानलं. तिच्या स्वतःच्या दोन्ही मुली तान्ह्या असतानाच गेल्या. त्या दुःखात दोघांनी एकमेकांना धरून ठेवलं आणि तो विल्यम चौथा म्हणून राजा झाला, १८३७ साली मेला, तोवर ते लग्न मायेनं टिकलं. मी यातून सोयीचं लग्न बरं आणि प्रेमाचं वाईट असं म्हणत नाही. कायदा तिन्ही बायकांना सारखाच होता. फरक पडला तो ज्याच्या हाती अधिकार गेला त्या माणसामुळे, आणि या कादंबऱ्या नेमकं त्या माणसाला तपासतात.

दोष मलाही दिसतात. दस्त लिहिणाऱ्या बाईला एक चूक फार खटकते. ‘नावापुरतं लग्न करू, शरीरसंबंध ठेवायचा नाही, म्हणजे वर्षभरानं ते रद्द करून घेता येईल,’ असं कितीतरी कादंबऱ्यांत नायक सांगतो. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात एवढ्यानं लग्न रद्द होत नव्हतं. नवरा नपुंसक आहे हे धर्मन्यायालयात सिद्ध करावं लागे, आणि त्यासाठी बहुधा तीन वर्षं एकत्र राहिल्याचं दाखवावं लागे. कुठला पुरुष ते हौसेनं करील? आणि दुसरा दोष याहून मोठा आहे. नायक हिंदुस्थानातून ‘नशीब काढून’ येतो, किंवा नायिकेच्या बापाची जमैकात साखरेची शेती असते, आणि तो पैसा कुणाच्या घामाचा, कुणाच्या रक्ताचा, याबद्दल लेखिका गप्प. गुलामांचा व्यापार ब्रिटननं १८०७ साली बंद केला, पण गुलामगिरी पुढे पाव शतकाहून जास्त चालू होती. करारपत्रातला आकडा जर गोष्टीचा पाया आहे, तर तो आकडा आला कुठून हे लिहायला हवं. पुरवणीतल्या लेखकांनी इथे बोट ठेवलं असतं तर मी त्यांच्या बाजूनं पत्र लिहिलं असतं.

‘हे वाचून मुली बिघडतील’ हा सूर मात्र सोडावा ही विनंती. परवाच माझ्या टेबलावर दोन बहिणी आल्या होत्या, भावाच्या नावे हक्कसोडपत्र करायला. धाकटी विशीतली, लग्न ठरलेलं. मी नेहमीप्रमाणे दस्त मोठ्यानं वाचून दाखवला. भाऊ म्हणाला, “मावशी, वाचायचं कशाला, सही करतील त्या.” धाकटी म्हणाली, “वाचू द्या. मला कळायला पाहिजे मी काय सोडतेय.” दोन एकर कोरडवाहू आणि विहिरीत तिसरा हिस्सा. तिनं त्या दिवशी सही केली नाही, विचार करून येते म्हणाली. उठताना तिच्या मोबाइलवर एका पुस्तकाचं मुखपृष्ठ दिसलं. उंच टोपी घातलेला माणूस आणि पांढऱ्या झग्यातली मुलगी. मी तिला नाव विचारून घेतलं आणि घरी येऊन ते पुस्तक उतरवून घेतलं. सध्या निम्मं झालंय.

पुरवणीत या विषयाला पुन्हा जागा द्याल तर त्या काळच्या लग्नाच्या करारपत्रांवर कुणा जाणकाराकडून लिहून घ्या. आणि एक दुरुस्ती कृपया छापा. लेखात रीजन्सीला ‘व्हिक्टोरिया राणीचा काळ’ म्हटलं आहे. राजा तिसऱ्या जॉर्जचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही म्हणून त्याच्या मुलानं राजप्रतिनिधी या नात्यानं कारभार बघितला, ती १८११ ते १८२० ही वर्षं म्हणजे रीजन्सी. व्हिक्टोरियाचा जन्म १८१९चा. रीजन्सी संपली तेव्हा ती आठ महिन्यांची होती.

आपली नम्र,
एक दस्तलेखक वाचक, जालना